आडनाव काय म्हणलात?

आमच्या हिंगोलीत माणसाची ओळख तीन प्रश्नांत उरकते. गाव कोणतं? कुणाचे तुम्ही? आणि मग, आवाज जरा उतरवून, आडनाव काय म्हणलात? आडनाव आपण अजून म्हटलेलंच नसतं. तिसरं उत्तर मिळालं की विचारणाऱ्याचा चेहरा सैलावतो. पाहुण्याला सतरंजीवर घ्यायचं की ओट्यावर ठेवायचं, कपबशी कोणती काढायची, सगळं ठरलेलं असतं. अर्धं मिनिट लागतं. मानसशास्त्राची कुठलीही चाचणी एवढ्या झटपट निकाल देत नाही.

अशा या जिल्ह्यात समुपदेशक नावाचा माणूस आला. समोरच्याबद्दल मनात काही धरायचं नाही, कोरी पाटी घेऊन बसायचं, असं त्याला शिकवून पाठवलेलं. बसतोही बिचारा. पण दारावर जी पाटी लावलेली असते ती कोरी नसते. तिच्यावर पद असतं, नाव असतं आणि आडनाव असतं.

एका दवाखान्याच्या व्हरांड्यात मी हे पाहिलंय. तांड्यावरचं पोरगं, विशी-बाविशीचं, हातात केसपेपर. दाराशी आलं, पाटी वाचली, केसपेपरची घडी घालून खिशात ठेवली आणि समोरच्या मेडिकलवर जाऊन झोपेची गोळी मागायला लागलं. आत समुपदेशक वाट बघत होता. मनानं खरोखर चांगला माणूस. जात मानत नाही, असं तो स्वतःच सांगतो. फक्त हे वाक्य म्हणायलाही एक आडनाव लागतं, आणि ते त्याच्याकडं आहे.

सरकारनं २०१५ साली 'प्रेरणा' प्रकल्प काढला. शेतकरी आत्महत्यांनी गाजलेले १४ जिल्हे निवडले, मराठवाड्याचे ८ आणि विदर्भाचे ६. त्यात आम्ही आहोतच. अशा यादीतून हिंगोलीचं नाव कधी सुटत नाही. आशाताईंनी घरोघरी जायचं, कुणाचं मन खचलंय ते हुडकायचं आणि पुढं दवाखान्यात पाठवायचं. कल्पना चांगली आहे, मी थट्टा करत नाही. थट्टा पुढं आपोआप होते.

आशा त्याच गावची रहिवासी असावी लागते. म्हणजे बहुतेक वेळा गावची सून. आता ही सून डोक्यावर पदर घेऊन, हातात कागद धरून चुलतसासऱ्यासमोर उभी राहते. नजर त्याच्या चपलांवर.

"मामा, मागल्या पंधरा दिवसांत मन उदास ऱ्हायलं का?"

मामा म्हशीकडं बघतात.

"मामा, जगावं वाटंना, असं कधी झालं का?"

मामा जरा थांबतात. "तुझ्या सासूनं पाठवलं का?"

कागदावर 'नाही'पुढं खूण होते. दुसरं काय होणार? मामानं हो म्हटलं असतं तर ते संध्याकाळपर्यंत चुलीपाशी पोचलं असतं आणि सकाळी सोसायटीच्या ओट्यावर.

तीच आशा वस्तीत गेली की पदर खांद्यावर येतो, आवाज मोकळा होतो, प्रश्न भराभर सुटतात. कुणी पाणी आणलं तर "आत्ताच पिऊन आले." पाणी पिऊन आलेली माणसं आमच्याइतकी कुठं सापडायची नाहीत. आणि आशाच वस्तीतली असली तर चित्र उलटं. मग वाड्याच्या खालच्या पायरीवर उभं राहून विचारायचं, पाटील, जीव रमतो का? पाटलांचा जीव रमत नसला तरी ते हिला सांगणार आहेत होय?

मध्यंतरी एका कार्यशाळेत जाऊन बसलो. पुण्याहून आलेल्या बाईंनी 'प्रिव्हिलेज' या विषयावर दोन तास घेतले. अमेरिकेतल्या पेगी मॅकिन्टॉश यांनी १९८९ साली लिहिलं होतं, गोऱ्या माणसाच्या पाठीवर सवलतींनी भरलेली एक न दिसणारी झोळी असते. बाईंनी त्याला मराठीत 'विशेषाधिकार' म्हटलं. मागच्या रांगेतल्या एका शिक्षकाला वाटलं, आमदारांच्या हक्कभंगाचं चाललंय. खरं तर आमच्याकडं यासाठी रोजचा शब्द आहे. 'त्याचं बरंय.' त्याचं बरंय, मामा तहसीलात आहे. त्याचं बरंय, उन्हाळ्यात विहिरीला पाणी आहे. अडचण एवढीच की हे सगळं पाठीमागं बोलतात, त्यामुळं ज्याचं बरंय त्याला ते कधी ऐकूच येत नाही. बाईंनी टाळ्या घेतल्या आणि चारच्या गाडीनं गेल्या. त्यांचंही बरंय.

समुपदेशकाची खरी परीक्षा असते ती पोरगी घेऊन येणाऱ्यांपुढं. बाप, भाऊ, एक मामा आणि मधोमध मान खाली घातलेली पोरगी. "हिच्या डोक्यातलं काढा, साहेब." डोक्यात काय? दुसऱ्या जातीचा पोरगा. जेवत नाही, बोलत नाही, दार लावून बसती. साहेब पोरीला विचारतात, झोप लागते का? भूक? विचार सारखे येतात का? तिन्ही उत्तरं आजाराकडं बोट दाखवतात. प्रेमात पडलेल्या कुणाचीही दाखवतील. साहेबांची स्वतःची मुलगी यंदा बारावीला आहे. ते पोरीकडं बघतात आणि तिला नाही, स्वतःच्या मुलीला सांगितल्यासारखं सांगायला लागतात, "बाळ, आईवडिलांचा विचार करावा." बापाचा जीव भांड्यात पडतो. याला आमच्याकडं समुपदेशन म्हणतात. पूर्वी हेच काम चावडीवर फुकट व्हायचं, आणि त्याला समजूत काढणं म्हणायचे.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सरळ सांगतो की समाजाच्या नीतीरीतीत कुणी बसत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. सामाजिक वा आर्थिक स्थिती, धर्म यांवरूनही नाही. कायदा कपाटात आहे. कपाटाची किल्ली साहेबांकडंच आहे.

साहेब एकटेच नाहीत म्हणा. १८५१ साली अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरानं शोध लावला की मळ्यातून पळून जाणाऱ्या काळ्या गुलामांना 'ड्रेपेटोमॅनिया' नावाचा रोग झालेला असतो. पळून जावंसं वाटणं हाच रोग. मालकाला रोग नव्हता. समलैंगिकता तर अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्ये आजारांच्या यादीतून काढली. म्हणजे त्याच्या आदल्या दिवसापर्यंत भलीभली माणसं निरोगी लोकांवर उपचार करत होती, फी घेऊन.

आमच्या सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या १० शेतकऱ्यांनी २०२३ च्या नोव्हेंबरात कर्ज फेडायला आपले अवयव विक्रीला काढले. किडनी, लिव्हर, डोळे, दरासकट, थेट मुख्यमंत्र्यांना पत्र. अशा माणसाला खुर्चीत बसवून दीर्घ श्वास घ्यायला सांगणारा समुपदेशक मी डोळ्यांपुढं आणून बघतो. श्वास घ्यावा, चांगला असतो. पण पुढच्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि मोंढ्यात त्याच्याही खाली बोली, हे काय लक्षणांच्या यादीत बसतं? महिन्याच्या महिन्याला पगार होणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं कर्ज हा स्वभावदोष वाटू शकतो. सगळ्यांनाच वाटतो असं नाही, आणि पगार तरी वेळेवर होतो कुठं. समुपदेशकांतली बरीच मंडळी कंत्राटी. ऑर्डर वाढेल का या घोरात स्वतःची झोप गेलेली, आणि दिवसभर दुसऱ्यांना झोपेचे नियम सांगायचे.

माझ्या ओळखीतली एक समुपदेशक, नांदेडला शिकलेली, नोकरीला इकडं आली. दिवसा पोरींना आत्मसन्मान शिकवायची, संध्याकाळी खोली शोधायची. घरमालकीण दारातच विचारायची, गाव कोणतं, कुणाचे तुम्ही. तिसऱ्या प्रश्नानंतर खोली कालच गेलेली असायची. चार दारं झाली. पाचव्या दारात मालकीण म्हणाली, "तुम्ही मनाचं बघता ना? मला रातच्याला छातीत धडधडतंय." ओट्यावर उभं राहून हिनं पाऊण तास ऐकून घेतलं. मालकिणीला बरं वाटलं. खोली मात्र कालच गेली होती.

आता फोनची सोय आहे. १४४१६, टेलिमानस, २०२२ पासून. फोनला पाटी नसते. पण इकडून माणूस म्हणतो, "कशातच गमंना झालंय," आणि पलीकडून शुद्ध मराठीत विचारणा येते, "म्हणजे नेमकं काय होतंय?" गमंना म्हणजे गमंना, बाई. त्याला दुसरा शब्द असता तर फोन कशाला केला असता?

माणूस जोखण्याच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याचा अनुभव तसा जुना आहे. नर्सीचे नामदेव जातीनं शिंपी. गोरोबा काकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली, त्यात नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. ती आद्य प्रश्नावलीच म्हणायची. मग त्यांना पुढं पाठवलं औंढ्याला, विसोबा खेचरांकडं. म्हणजे रेफर केलं. तिथं जाऊन बघतात तर म्हातारा पिंडीवर पाय टाकून झोपलेला. याच्यापुढं काय मन मोकळं करायचं? नामदेवांनी बघताक्षणी निकाल दिला, अगदी तांड्यावरच्या पोरानं पाटी वाचून दिला तसा. म्हातारा म्हणाला, जिथं पिंड नसेल तिथं माझे पाय ठेव. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. एवढंच, की आमचं पोरगं दारातूनच परत गेलं आणि नामदेव थांबले.

त्याच औंढ्यात नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, मागं जा म्हणाले. ते मागं गेले, तर रात्रीतून देऊळच त्यांच्याकडं फिरलं, असं सांगतात. नंदी मागच्या अंगाला आहे, तो पुरावा म्हणून आजही दाखवतात.

आमच्या त्या खोली न मिळालेल्या बाईंना वाटलं, पेशंट आणि आपण यांच्यामधलं टेबल काढावं. खुर्चीला खुर्ची लावून बसावं, म्हणजे माणूस थोडा तरी बोलेल. शिपायानं टेबलाला हात लावायला नकार दिला. टेबल डेडस्टॉकला आहे, हलवायचं तर वरून पत्र पाहिजे. बाईंनी अर्ज दिला. तीन महिने झाले. परवा भेटल्या तेव्हा खुशीत होत्या. अर्जाला आवक क्रमांक पडलाय.