कॉन्फिगदादा

आर्किटेक्चरचे प्रवेश आटोपले की कॉन्फिगदादांचा हंगाम सुरू होतो. ज्यांच्या लेकीला नुकतीच सीट मिळालेली असते असे वडील कुठून कुठून नंबर मिळवून फोन करतात. "लॅपटॉप घ्यायचा होता हो. कुठला घ्यावा?" एवढंच त्यांना बोलता येतं. पुढचा पाऊण तास दादा बोलतात.

दादांचं खरं नाव ऑफिसच्या पगारपत्रकावर असेल. ते रीतसर आर्किटेक्ट आहेत, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन आहे. पण त्यांनी केलेली इमारत दाखवा म्हटलं तर जरा शोधावी लागते. त्यांनी ठरवून दिलेले कॉम्प्युटर मात्र कोथरूडपासून मेलबर्नपर्यंत चालू आहेत. असा एक जण आर्किटेक्चरच्या प्रत्येक कॉलेजात आणि आठ-दहा टेबलांच्या प्रत्येक ऑफिसात असतो. आमचा जरा जास्त मुरलेला आहे, इतकंच.

मध्यंतरी एक काका थेट ऑफिसातच आले. सोबत मुलगी, हातात तीन दुकानांची कोटेशनं.

"काका, कोटेशनं ठेवा बाजूला. आधी गरज काय ते बघू."

"तेच म्हणतो मी. हिला पहिल्या वर्षी नेमकं काय काय..."

"प्रोसेसर!" दादा म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

मग काकांना कळलं, की जास्त कोअर म्हणजे जास्त वेग ही दुकानदारांनी पसरवलेली अफवा आहे. ऑटोकॅड, स्केचअप, रेव्हिट यांत रेघ ओढणं आणि मॉडेल फिरवणं हे बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं. "सोळा कोअर म्हणजे काका, सोळा सुतार आणि करवत एकच. पंधरा जण तंबाखू मळत बसणार." त्या एका कोअरचा क्लॉक-स्पीड बघायचा. व्ही-रेमध्ये रेंडर लावलात की मात्र सोळाच्या सोळा कामाला जुंपतात. तेव्हा कोअरही बघायचे. आणि ल्युमियन किंवा एनस्केप वापरणार असाल तर प्रोसेसर गेला खड्ड्यात, सगळा भार ग्राफिक्स कार्डावर. म्हणजे तेही बघायचं. काकांनी तिन्ही कोटेशनांच्या मागे लिहून घेतलं.

"आरटीएक्स ४०६० आहे यात," काकांनी धीर करून एका कोटेशनवर बोट ठेवलं.

"किती वॉटचं?"

काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. वॉट म्हटल्यावर ते त्या दुपारी पहिल्यांदा सावरून बसले. दादांनी सांगितलं, की लॅपटॉपमधलं हेच कार्ड कंपनी ३५ वॉटवर चालवते किंवा ११५ वर. नाव तेच, स्टिकर तोच, काम मात्र वेगळं. सडपातळ लॅपटॉप घेतलात तर नाव मिळेल, वॉट मिळणार नाहीत. "सँक्शन्ड लोड आणि प्रत्यक्ष लोड!" काका उद्गारले. दादांनी त्यांच्याकडे अशा कौतुकानं पाहिलं, की मला वाटलं आता हे दोघं मुलीला विसरून चहाला जाणार. तसे ते गेलेही.

ही माहिती अगदी खरी असते, हीच दादांची अडचण आहे. त्यांचं काही चुकत नाही. चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या लॅपटॉपचा पडदा बरेच रंग दाखवतच नाही, आणि त्यावर निवडलेला विटेचा तांबडा रंग शीटवर गाजर होऊन येतो, हे त्यांनी सांगावं आणि आपण ऐकावं. फक्त त्या मुलीनं मध्येच म्हटलं, "दादा, मॅम म्हणाल्या की पहिल्या वर्षी..." तेव्हा ते म्हणाले, "मॅमचं ऐकू नकोस. मॅमकडे आय-थ्री आहे."

मॅम म्हणाल्या होत्या, की पहिल्या वर्षी लॅपटॉप लागतच नाही. ए-वन शीट, ड्राफ्टर, टू-एच आणि एचबी पेन्सिली. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन सगळं हातानं. रेघेचा कोपरा जुळला नाही तर शीट परत. पण काकांनी दादांचंच ऐकलं. सव्वा लाखाचं ते यंत्र वर्षभर होस्टेलच्या पलंगावर पडून होतं. त्यावर कोरियन मालिका फार सुरेख दिसतात असं मुलगी सांगत होती. दिसणारच, पडदा शंभर टक्के एसआरजीबीचा आहे. तिसऱ्या वर्षी रेव्हिट आणि रेंडरिंगची खरी गरज पडेल, तेव्हा नेमकी वॉरंटी संपलेली असेल आणि काका पुन्हा फोन करतील. दादांना हे ठाऊक नाही असं नाही. पण "दोन वर्षं थांबा" हा सल्ला पाच सेकंदांत संपतो.

दादांचे स्वतःचे पंथ बदलत गेले आहेत, आणि प्रत्येक वेळी त्यांनी ऑफिसलाही दीक्षा दिली आहे. पहिला पंथ मॅकचा. तेव्हा झाकणावरचं सफरचंद अंधारात उजळायचं, आणि क्लायंटसमोर ते उजळलं की फीबद्दल घासाघीस कमी होते असा दादांचा सिद्धांत होता. मॅकच्या बाजूनं त्यांच्याकडे इतिहासही होता. आर्किकॅड बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्टनं ॲपलच्याच यंत्रांवर वाढवलं, विंडोजवर ते नंतर आलं. आजचं व्हेक्टरवर्क्स १९८५ साली मिनीकॅड या नावानं मॅकवरच जन्मलं. "आर्किटेक्ट मुळात मॅकचाच माणूस," असं ते म्हणायचे, आणि ऑटोकॅडचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघायचे. कारण १९८२ साली आलेलं ऑटोकॅड काही वर्षांनी मॅकवर उतरलं, मध्येच निघून गेलं आणि थेट २०१० मध्ये परतलं. रेव्हिट तर २००० साली विंडोजवर जन्मलं ते आजतागायत तिथून हललेलं नाही.

त्यावर दादांचा तोडगा होता बूट कॅम्प. एकाच मॅकमध्ये दोन बिऱ्हाडं: सकाळी मॅक ओएस, दुपारी रीस्टार्ट करून विंडोज. एका बिऱ्हाडातली फाइल दुसऱ्यात सहजी सापडायची नाही. साहेब "तो कालचा सेक्शन दाखव" म्हणाले की दादा "दोन मिनिटं" म्हणून यंत्र बंद करायचे. तेवढ्यात क्लायंटचा चहा संपायचा. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलनं स्वतःची एम-वन चिप आणली, तिच्यावर बूट कॅम्प नाही, आणि रेव्हिट इंटेलच्या घराण्यातल्या चिपांसाठी लिहिलेलं. पॅरलल्समधून विंडोज घुसवून ते कसंबसं उघडतं, पण त्याची जबाबदारी कुणी घेत नाही. दादा त्या आठवड्यात कुणाशी फारसं बोलले नाहीत. मॅक साहेबांच्या टेबलावर गेला. तो अजून तिथेच आहे. ऑफिसमधलं सगळ्यांत महाग यंत्र पीडीएफ दाखवायच्या कामी येतं, आणि इमारती टेबलाखालच्या धुळकट डब्यांतून उभ्या राहतात. ही व्यवस्था मी एकाच ऑफिसात पाहिली असती तर लिहिली नसती.

मग लिनक्स. हा पंथ अल्पायुषी ठरला. वर्षावर्षाचं भाडं भरून सॉफ्टवेअर वापरायची पद्धत दादांना डाचत होतीच. त्यात कुठेतरी स्वातंत्र्याविषयी वाचनात आलं. एका शनिवार-रविवारी त्यांनी चार डब्यांवर उबंटू चढवलं. ब्लेंडर झकास चालत होतं. ब्रिक्सकॅडही लिनक्सवर चालतं, डीडब्ल्यूजी उघडतं. दादा सोमवारी पेढे घेऊन आले.

साडेदहाला ड्राफ्ट्समनकाका आले. यांच्याविषयी थोडं सांगायलाच हवं, कारण दादांच्या सगळ्या पंथांना पुरून उरलेला हा एकच माणूस. काकांचं ऑटोकॅड त्या काळातलं, जेव्हा वर चित्रांचा पट्टा नव्हता. डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर, नजर पडद्यावर: एल स्पेस, टीआर स्पेस, ओ स्पेस, दोनशे तीस, भिंत तयार. त्यांच्या कीबोर्डवरची ई, एल आणि सी ही अक्षरं कधीच पुसली गेली आहेत आणि स्पेसबारला मधोमध अंगठ्याएवढा खळगा आहे. कॉम्प्युटर कसा हवा म्हटलं तर ते सांगतात, "एस्केपचं बटण चालायला पाहिजे आणि माउसचं चाक फिरायला पाहिजे." बाहेरच्या कुणाची नवी फाइल उघडली नाही की फोन उचलून त्यांचं एकच वाक्य असतं: "जरा २००४ला सेव्ह करून पाठवा." अख्ख्या महाराष्ट्रात रोज किती टेबलांवरून हे वाक्य जात असेल! त्यानं जेवढ्या इमारती वेळेत पुऱ्या केल्या असतील तेवढ्या कुठल्याही प्रोसेसरनं केल्या नसतील.

तर काकांनी मंजुरीचा एक नकाशा उघडला आणि म्हणाले, "दादा, माझं मराठी गेलं."

मालकाचं नाव, सर्व्हे नंबर, "जागेवर जाण्याचा रस्ता", सगळा मजकूर शिवाजी फॉन्टमधला. नव्या यंत्रात तो फॉन्ट नाही, त्यामुळे तिथे इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत होती. फॉन्ट मिळाला असता म्हणा. पण पालिकेत ऑटोडीसीआर आल्यापासून नकाशातली प्रत्येक रेघ ठरलेल्या नावाच्या लेअरवर ठेवावी लागते, आणि ती तयारी करून देणारं जोड-सॉफ्टवेअर विंडोजवरच्या ऑटोकॅडमध्ये बसतं. स्ट्रक्चरल कन्सल्टंट विंडोजवर, प्लंबिंगवाला विंडोजवर, बिल्डरचा इंजिनिअर मोबाइलवर. दुपारपर्यंत चारही डबे पूर्ववत झाले. पेढे तेवढे संपले होते.

सध्या दादा असेंबल्ड पंथाचे आहेत. पुण्यात सगळं मिळतं, पण ते सकाळच्या डेक्कन क्वीननं मुंबईला जातात, लॅमिंग्टन रोडवर दिवसभर भाव करतात आणि संध्याकाळच्या डेक्कन क्वीननं परततात. ग्राफिक्स कार्डाचा खोका मांडीवर. वरच्या फळीवर नाही, हादरे बसतात. शेजारच्या प्रवाशानं विचारलंच तर कर्जतपर्यंत व्हीरॅम आणि लोणावळ्यापर्यंत पॉवर सप्लाय.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा दादांनी ऑफिसात जनगणनाच केली. हातात यादी घेऊन टेबलाटेबलाखाली वाकून टीपीएम २.० आहे का ते तपासलं. ड्राफ्ट्समनकाकांचा डबा विंडोज ११ ला अपात्र ठरला. नवा घ्यावा लागला. काकांनी त्याला जुना कीबोर्ड जोडला आणि "चालू आहे" म्हणून शेरा दिला.

दादांची एवढी थट्टा करून झाली, आता दुसरी बाजू. थिसिसच्या आदल्या रात्री कुणाचा लॅपटॉप बसला, की त्या पोराला प्रोफेसर आठवत नाहीत, दादा आठवतात. एकदा रात्री दोनला एक मुलगा रडवेल्या तोंडानं आला. ऑटोकॅड कोसळलं होतं आणि फाइल उघडत नव्हती. दादांनी त्या वेळी प्रोसेसरचं नावही विचारलं नाही. टेम्प फोल्डरमध्ये शिरले, एसव्ही-डॉलर असं शेपूट असलेली फाइल हुडकली, शेपूट बदलून डीडब्ल्यूजी केलं आणि उघडली. जेमतेम दहा मिनिटांचं काम गेलं होतं. मग लॅपटॉप उलटा करून मागचं झाकण काढलं आणि पंख्यात अडकलेला लोकरीसारखा कचरा रंगाच्या ब्रशनं झाडला. पैसे घेतले नाहीत. जाताना मात्र त्याला म्हणाले, "१६ जीबीवर थिसिस करतोस? हिंमत आहे."

त्याच मुलासोबत ते सकाळी प्लॉटिंगच्या दुकानात गेले, आणि पुढचं रामायण तिथे घडलं. दुकानाच्या कोपऱ्यात एक पिवळा पडलेला कॉम्प्युटर, त्यावर विंडोज एक्सपी, त्याला जोडलेला तेवढ्याच वयाचा प्लॉटर. शहरातल्या निम्म्या आर्किटेक्टांचं काम या एका वाटेनं कागदावर येतं. दादांना ते दृश्य बघवेना. त्यांनी मालकाला अर्धा तास समजावलं, आठवड्याभरात स्वतः बसून नवं यंत्र लावून दिलं. नव्या विंडोजनं प्लॉटर ओळखायला नकार दिला. त्याचा ड्रायव्हर कंपनीनं कधीच बंद केला होता. सबमिशनचा आठवडा, बाहेर रस्त्यापर्यंत रांग. मालकानं दादांदेखत नवी केबल उपटली, पिवळा डबा परत जोडला आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर लॅमिनेट केलेला कागद चिकटवला: "फक्त पीडीएफ स्वीकारली जाईल. पेनड्राइव्ह स्वतःच्या जबाबदारीवर. आमच्या कॉम्प्युटरविषयी सूचना करू नयेत."

दादांनी तो शांतपणे वाचला. मग जरा वाकून, अक्षरांच्या कडांवरून बोट फिरवत मालकाला विचारलं, "कोरलमध्ये केलंस ना हे? कुठलं व्हर्जन आहे तुझ्याकडे?"