केळव्याच्या बंगल्यातली लाल एमजी

"ऐकलंत का काका, केळव्याच्या बंगलेवाल्या शेठने ती लाल गाडी विकायला काढली."

कुंपणापलीकडे काका झावळीचे हीर काढत बसले होते. हात थांबला. "कुठली, ती बिनटपाची? थंडीत बायकोला बसवून किनाऱ्याच्या रस्त्याने फिरवायचा, तीच ना?"

"तीच. टप आहे तिला, पण कापडी, आणि कायम दुमडलेला. एमजी टीसी, 1947 सालची. एकदम जपलेली, म्हणून त्याचा राखणदार केळव्यापासून सफाळ्यापर्यंत सांगत सुटलाय."

"आणि किंमत?"

"ती नाही सांगत. आधी बघा, मग बोलू, म्हणतो."

"म्हणजे शेठने अजून माणूस बघून ठरवायची आहे," आतून काकींचा आवाज आला.

काकांना मात्र वेगळीच शंका. "एमजी म्हणजे ती हेक्टरवाली ना? माझ्या भाच्याच्या साहेबाकडे आहे, बोईसरला."

नाव तेच, पण घराणं वेगळं. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. इंग्लंडात ऑक्सफर्डला मॉरिस गाड्या विकायचं आणि दुरुस्त करायचं दुकान होतं. तिथला मॅनेजर सेसिल किंबर याने साध्या मॉरिसच्या चासीवर झोकदार बॉड्या चढवून विकायला सुरुवात केली, त्यातून ही कंपनी उभी राहिली. पुढे कारखाना ॲबिंग्डनला गेला. किंबरचं वाईटच झालं. 1941 मध्ये वरच्यांशी खटके उडाले आणि त्याला काढून टाकलं. फेब्रुवारी 1945 मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात तो गेला. त्याच वर्षी लढाई संपल्यावर ही टीसी बाजारात आली. 1949 पर्यंत दहा हजारांच्या आसपास निघाल्या. त्यातल्या बऱ्याच अमेरिकेला गेल्या, आणि गंमत म्हणजे तिथेही स्टिअरिंग उजवीकडेच. डावीकडचं मॉडेल कंपनीने काढलंच नाही.

ॲबिंग्डनचा कारखाना 1980 मध्ये बंद पडला. आता नाव चिनी एसएआयसीकडे आहे, गाड्या गुजरातेत हालोलला बनतात, आणि इथल्या धंद्यात जेएसडब्ल्यूची भागीदारी आहे.

"जेएसडब्ल्यू म्हणजे आपल्या तारापूरचे? पत्रेवाले?"

"तेच जिंदाल."

"मग बरोबर आहे. पत्रा घरचाच." काकांनी हीर पुन्हा हातात घेतले.

मी म्हटलं, पत्र्याचं सोडा काका, या गाडीत तुमचं काम आहे. टीसीची बॉडी म्हणजे लाकडाची चौकट, तिच्यावर पत्रा ठोकलेला. लाकूड ॲश नावाचं. तिकडे कुऱ्हाडीचे दांडे याच झाडाचे करतात. लवचीक, धक्का खाणारं. हे ऐकल्यावर मात्र काका उठून कुंपणापाशी आले. आयुष्यभर सुतारकी केलेला माणूस.

"लाकडाची? आणि केळव्याला? समुद्रापासून हाकेवर?" त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, तिथे सागवानी चौकटी फुगतात. दाराच्या खाली, जिथे पाणी थांबतं, तिथलं लाकूड आधी जातं. वरून रंग कितीही मार. आणि वाळवी काय इंग्रजी बघून थांबणार आहे?"

माझ्या मते साऱ्या जाहिरातीवरचं हे एकच वाक्य पुरेसं आहे. शेठचा राखणदार रोज फडकं मारतो, ब्रासो लावतो, क्रोम आरशासारखं ठेवतो, हे खरं. पण दार उघडल्यावर ते बिजागरीवर खाली बसतं का, ते बघायला हवं. बसत असेल तर चौकट गेली. तारांच्या चाकांचं तसंच. एकोणीस इंची, उंच, नाजूक चाकं. एकेका आऱ्यावर नखाने टिचकी मारायची. आवाज बसका आला तर आरा सैल. खाऱ्या वाऱ्याने तारा बुडाशीच गंजतात.

इंजिन 1250 सीसीचं, आणि त्याची एक खोड मुंबईचे जुने मेकॅनिक हमखास सांगतात. बोल्टचं डोकं इंग्रजी मापाचं, पण आटे मिलीमीटरचे. इंजिन मॉरिसच्या ज्या कारखान्याच्या वळणातून आलं, तो मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. मशिनं फ्रेंच मापाची, म्हणून आटेही तसे. कोणा शहाण्याने इंग्रजी बोल्ट दामटून बसवला असेल, तर तो आटे खाऊन बसतो आणि बिल पुढच्या मालकाला येतं.

"आणि दोनच माणसं बसतात?" काकी ओटीवर आल्या. "पालघरच्या बाजारातून आणलेली भाजी ठेवायची कुठे?"

सीटच्या मागे एखादी पिशवी मावेल. मागे पेट्रोलची टाकी उघड्यावर, तिच्यावर जादा चाक. डिकी म्हणून काही नाहीच. समोरची काच मात्र बोनेटवर आडवी पाडता येते. ओढणीवाल्यांनी जपून बसावं.

आता कागद. 2021 पासून केंद्राचा नियम आहे: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला वीस हजार, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला पाच हजार. नव्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

"म्हणजे माहेरी नेता येणार नाही," काकींनी निकाल दिला.

चासीवरचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळतो का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. टीसीच्या नंबरांची मालिका 251 पासून सुरू होते, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर ॲबिंग्डन 251 होता. त्याखालचा आकडा कोणी दाखवला, तर चहा प्यायचा आणि निघायचं.

काका रविवारी येतो म्हणालेत, बरोबर सुतारी टोचा घेऊन. शेठला ते आवडणार नाही, पण गाडी आपल्याला घ्यायची आहे. तुमच्यापैकी कोणाच्या मनात असेल, तर घाई करू नका. पावसाळा उलटू द्या, भर पावसानंतर दारं कशी लागतात ते बघा. चौकटीत टोचा शिरला नाही आणि नंबर जुळला, तर घासाघीस न करता घ्या. अशा फार उरलेल्या नाहीत.