थेंब पडतो तिथे

रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की आमच्याकडची एक स्टीलची वाटी घराबाहेर झोपायला जायची. तिची जागा ठरलेली होती: जीपच्या खाली, गिअरबॉक्सच्या जरा पुढे, फरशीवर खडूने केलेल्या फुलीवर. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं की आधी वाकून वाटी बघायची. नुसता तळ झाकलेला असला तर दिवस बरा. अर्धी भरली असली की आई आतून विचारायची, "आज किती दिलंन रे?" कोकणातली गाय विकून पंचवीस वर्षं झाली, पण धारेचा हिशेब विचारायची तिची सवय काही सुटलेली नाही.

जीप १९८६ ची, डिझेलची. वडिलांनी सेकंडहँड घेतलेली. त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली, आणि तिच्याबरोबर तिची सगळी दुखणीही आली. दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन ती अजून हयात असल्याचा दाखला आणावा लागतो. शहरात ती कुणालाच नको असते. सिग्नलला उभी राहिली की शेजारची माणसं काचा वर करतात. पण चाळकेवाडीच्या पठारावर, पावसानंतरच्या चिखलात, फोर बाय फोरचा दांडा खाली दाबला की याच माणसांच्या गाड्या मागे रुतलेल्या असतात आणि आमची म्हातारी गुरगुरत वर चढलेली असते. त्या पाच मिनिटांसाठी मी वर्षभर तिचं सगळं सोसतो.

तर ती गळायला लागली. आधी वासाने कळलं. पेट्रोल सांडलं तर उडून तरी जातं, डिझेल पाहुण्यासारखं मुक्काम करतं. अंगणाला वास, चपलांना वास, एकदा तर शेवग्याच्या आमटीला वास आल्याचा आरोप झाला. मग मी वाटी ठेवली आणि मोजलं. वाईट रात्री साधारण चाळीस मिलिलिटर. रोजच्या रोज तेवढं गेलं तर महिन्याला सव्वा लिटर, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये. या शंभर-सव्वाशे रुपयांचा चोर पकडायला मी पुढच्या तीन महिन्यांत चार हजार सातशे रुपये खर्च केले.

पहिल्या मिस्त्रीने जीपखाली पुठ्ठा टाकला, त्यावर उताणा झोपला आणि दोन मिनिटांत बाहेर आला. "फीड पंप, साहेब." टाकीतलं डिझेल ओढून पुढे फिल्टरकडे पाठवणारा हा पंप इंजिनाच्या कुशीला असतो, आणि थेंब साधारण त्याच बाजूला पडत होता. मी माझं वाचीव ज्ञान पुढे केलं: "सक्शनच्या बाजूला गळती असेल तर?" मिस्त्री समजुतीने हसला. "तिकडे फट असली तर डिझेल बाहेर येण्याआधी हवा आत जाते, साहेब. गाडी एअर धरते. सकाळी स्टार्ट होत नाही. तुमची होते ना?" होत होती, पहिल्या सेल्फला. ही गोष्ट मला फार आवडली. बाहेर ठिबकणारी गळती निदान दिसते तरी. आत हवा ओढणारी गळती कोरडी ठणठणीत असते आणि गाडी मात्र हटून बसते. अशी माणसंही मला चार-दोन ठाऊक आहेत.

फीड पंपाला नवा किट बसला. जीप दोन दिवस गॅरेजच्या सपाट आवारात उभी राहिली. एक थेंब नाही. घरी आणली, तिसऱ्या रात्रीपर्यंत वाटी कोरडी. मी आईला पेढे आणायला निघालो होतो. चौथ्या दिवशी टाकी भरली, आणि पाचव्या सकाळी वाटी अर्धी.

दुसऱ्या मिस्त्रीने पहिल्याला नावं ठेवली आणि सगळे रबरी पाइप बदलले. जुना पाइप त्याने माझ्यासमोर वाकवून दाखवला. त्याला म्हाताऱ्याच्या टाचेसारख्या भेगा होत्या. बदलायलाच हवा होता, त्यात शंका नाही. फिल्टरच्या बॅन्जो बोल्टखालचे तांब्याचे वायसरही त्याने काढले, पकडीत धरून गॅसच्या ज्योतीवर लालबुंद केले आणि चुर्रकन पाण्यात टाकले. पोलाद असं विझवलं की कडक होतं, तांबं मऊ होतं. मऊ झालेलं वायसर पुन्हा आवळलं की फटीत नीट बसतं. एवढंसं तांबं, पण त्याला तापवून मऊ करावं लागतं हे पाहून मला आमच्या एका काकांची आठवण झाली. ते मात्र तापले की तापलेलेच राहतात.

पुन्हा चार दिवस गुण. पुन्हा वाटी.

शेजारी एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांच्या मते दोष सरकारी होता. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहाचं डिझेल आलं, त्यात गंधक लाखात एका भागापुरतंच. गंधक काढताना डिझेलमधले आणखीही काही घटक कमी होतात. त्याच घटकांनी वर्षानुवर्षं फुगून बसलेलं जुनं रबर मग आकसतं आणि पाझरतं. शास्त्र खरं होतं. पण त्यांनी ते मला रोज सकाळी, दात घासता घासता, कुंपणावरून सांगितलं. माझी बायको म्हणाली, की गाडीपेक्षा हेच जास्त गळतात.

मग मी स्वतःच तपासाला लागलो. गळती शोधायची पहिली पायरी म्हणजे आंघोळ. तेलकट, धुळकट इंजिनावर नवा ओघळ दिसतच नाही. सगळं धुतलं, फडक्याने कोरडं केलं, आणि संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरली. पांढऱ्यावर ओल लगेच उमटते. जीप गुलाबाच्या वासाची झाली. एक पथ्य मात्र मला दोन्ही मिस्त्रींनी बजावलं होतं: पंपाकडून इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांवर गाडी चालू असताना बोट फिरवायचं नाही. तिथे दाब शंभर वातावरणांच्याही वर असतो. सुईएवढ्या भोकातली न दिसणारी पिचकारी कातडी भेदून आत जाते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि माणसाला तातडीने ऑपरेशन टेबलावर जावं लागतं. तिथे पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघायचं. मी फिरवला. पुठ्ठा कोरडा. पावडर सगळीकडे पांढरीशुभ्र. आणि सकाळी वाटीत डिझेल.

त्या दिवशी आई पायरीवर बसून माझा हा उद्योग बघत होती. ती संगमेश्वराकडची, कौलारू घरात वाढलेली. दर वैशाखात घर शाकारताना आजोबांच्या हाताखाली कौलं देणारी.

"तू कुठे शोधतोयस?"

"थेंब पडतो तिथे."

"अरे, थेंब पडतो तिथलं कौल कधी फुटलेलं असतं का? पाणी वर शिरतं, वाशावरून चालत येतं आणि दमलं की खाली पडतं. आमच्याकडे माजघरात ठिबकायचं, आणि फुटलेलं कौल असायचं देवघरावर. उताराच्या उलट वर चढत जायचं, मग सापडतं."

उताराच्या उलट. मी जीपकडे बघितलं. आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या चढावर. जीप मी नेहमी तोंड उताराकडे करूनच लावतो. स्टार्टर रुसला तर ब्रेक सोडून ढकलस्टार्ट करता यावी म्हणून. वडिलांनी शिकवलेली खबरदारी. दुसरीही त्यांचीच: टाकी कधी अर्धी ठेवायची नाही, पावसाळ्यात रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं आणि टाकी आतून गंजते. म्हणून मी गळ्यापर्यंत भरतो. पंपावरचं डिझेल जमिनीखालच्या टाकीतून येतं, गार असतं; उन्हात चाळीस लिटर डिझेल वीस अंशांनी तापलं तर अर्ध्या लिटरहून जास्त फुगतं. गॅरेज सपाट होतं. गॅरेजमधून परत येताना टाकी अर्ध्यावर आलेली असायची. तीन महिन्यांचे सगळे पुरावे माझ्यासमोर रांगेत उभे राहिले, आणि प्रत्येकाच्या मागे माझीच एकेक चांगली सवय उभी होती.

युद्धकाळातल्या विलिस जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असायची. आमच्या जीपने तो वारसा सोडलेला नाही. मी सीट उचलली. टाकीच्या वरच्या पत्र्यावर तळहाताएवढी गोल चकती असते, तिच्यातून डिझेलच्या काट्याचा फ्लोट आत सोडलेला असतो. चकतीच्या मागच्या निम्म्या कडेला कोरडी, भुरी धूळ. पुढच्या निम्म्या कडेला ओला, मेणचट, काळा थर, अगदी अर्धचंद्रासारखा. तिथून एक बारीक चकाकती रेघ टाकीच्या कडेवरून पट्ट्यावर उतरली होती, पट्ट्यावरून चासीच्या लांब आडव्या लोखंडावर, आणि त्या लोखंडाच्या पोटाखालून, तोंडाच्या दिशेने चालत चालत, बरोबर माझ्या खडूच्या फुलीवर.

पहिल्या मिस्त्रीला घरी बोलावलं. त्याच्या कानावर बिडी होती. मी बिडीकडे बघितलं तेव्हा तो म्हणाला, "डिझेल आहे साहेब, पेट्रोल नाही." खरं आहे, पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही पेट घेते, डिझेल तेवढं उतावळं नाही. तरी बिडी त्याने खिशात घातली आणि आधी बॅटरीची तार काढली, कारण काट्याची तार त्या चकतीवरच येते. पाच बारीक स्क्रू. त्यातले दोन नुसत्या बोटांनी फिरले. पठारावरच्या दगडांनी त्यांना एवढं सैल केलं होतं. खालचं बुचाचं पॅकिंग वाळून बिस्किटासारखं झालं होतं, हातातच चुरलं. रबराचा आणि सरकारचा त्यात काहीच संबंध नव्हता.

नवं पॅकिंग तीस रुपयांचं. मिस्त्रीने त्याला दोन्ही बाजूंनी शेलॅक लावलं, चकती ठेवली आणि फिरवून फिरवून भोकं जुळवत बसला. पाच भोकांमधली अंतरं मुद्दाम सारखी नसतात, म्हणजे ती एकाच रीतीने बसते आणि फ्लोट आत भलतीकडे वळत नाही. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्यासारख्यांचा विचार करून ठेवला होता.

मी मिस्त्रीला दोष देत नाही. त्याने थेंब पाहिला आणि थेंबाच्या वर जे होतं ते बदललं. आपण सगळे तेच करतो. पोरगं शाळेत भांडलं की पोराला झापतो, खिडकीतल्या कारकुनाने अर्ज परत केला की कारकुनावर ओरडतो. पोराने काय ऐकलं असेल किंवा कारकुनाला वरून काय सांगितलं असेल, हे बघायला उलटा चढ चढावा लागतो, आणि चढाला दम लागतो. माझी तर आणखी पंचाईत होती. मी तीन महिने ज्या सीटवर बसून मिस्त्री बदलत हिंडलो, त्याच सीटखाली ती चकती पाझरत होती.

याला आता आठ महिने झाले. टाकी भरलेली असते, जीप अजून उताराकडेच तोंड करून उभी असते, आणि फरशी कोरडी आहे. वाटी मात्र आईने स्वयंपाकघरात घेऊ दिलेली नाही. घासली, उन्हात ठेवली, लिंबू चोळलं, तरी तिला डिझेलचा वास येतोच. सध्या तिच्यात चिमण्यांना पाणी ठेवतो. अजून एकही चिमणी फिरकलेली नाही.