कच्च्या बिलाचा राजा

दरवर्षी 24 डिसेंबरला ग्राहकाला राजा म्हणायची आपल्याकडे रीत आहे. 1986 साली याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली, म्हणून हा राष्ट्रीय ग्राहक दिन. सरकारी कचेरीत व्याख्यान होतं, सहा हक्क वाचून दाखवले जातात, चहा-बिस्किटं होतात. दुसऱ्या दिवशी राजे मिक्सर घ्यायला बाजारात जातात.

हक्क तिथेही मिळतात. माहितीचा : "वॉरंटीचं काय विचारता साहेब, आमच्या घरी हाच आहे!" निवडीचा : "दुसरी कंपनी? ती आता कोण घेतं?" सुरक्षिततेचा : "झिणझिण्या आल्या तर चप्पल घालून लावा." म्हणणं मांडण्याचा : शेठ सगळं ऐकून घेतात, फोनवर बोलता बोलता. ग्राहक शिक्षणासाठी तर गल्ल्यामागे पाटीच आहे : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' सदोष माल परत घ्यायला असा नकार देणं 2019 च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापार प्रथा ठरवलं. बिलावर मुदत लिहिली नसेल, तर 30 दिवसांत माल परत घ्यावा लागतो. पाटीला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

मग कळीचा प्रश्न येतो. "पक्कं बिल हवं की कच्चं? पक्क्याला जीएसटी पडेल." छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, हे खोक्यावरच लिहिलेलं असतं. पण राजे कच्चं मागतात, रोख मोजतात, सुट्ट्यांऐवजी दोन चॉकलेटं घेतात आणि शेठला कसं खाली आणलं ते घरी रंगवून सांगतात.

महिना उलटायच्या आत मिक्सर जळतो. पाठकोऱ्या चिठ्ठीवर नुसता आकडा. दुकानाचं नाव नाही, तारीख नाही. "आमच्याकडचाच कशावरून?" शेठ शांतपणे विचारतात.

उरला तक्रार निवारणाचा हक्क. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची. 1915 या हेल्पलाइनला फोन फुकट. सगळं जय्यत तयार. फक्त पहिला पुरावा मागतात, आणि तो आपण गल्ल्यावरच सवलतीत विकून आलेलो असतो.

बिल न देणं हीही कायद्याने अनुचित प्रथाच आहे. पण न मागितलेलं बिल कोणता कायदा घरपोच करणार? तेव्हा शेठच्या कपाळाला आठ्या पडल्या तरी बेहत्तर, पक्कं बिल घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.