सपाट शय्येची मीमांसा

दीर्घ पल्ल्याच्या विमानातील ‘बिझनेस क्लास’ या संज्ञेचे ‘व्यावसायिक वर्ग’ असे मराठीकरण करण्याचा मोह आवरलेला बरा, कारण मुंबईहून मध्यरात्रीनंतर पश्चिमेकडे निघणाऱ्या विमानाच्या या भागात, लॅपटॉप उघडून बसलेल्या कंपनी-अधिकाऱ्यांच्या जोडीला, नोकरीतून केव्हाच निवृत्त झालेली, गुडघ्यांना पट्टे बांधलेली आणि न्यू जर्सीतील लेकीच्या बाळंतपणासाठी डिंकाच्या लाडवांसह निघालेली दांपत्येही हटकून आढळतात. अधिकाऱ्याचे तिकीट कंपनी काढते, त्यामुळे त्याच्यापुढे निवडीचा प्रश्न फारसा उभा राहत नाही. दांपत्याचे तिकीट लेक-जावई काढतात, आणि ‘आमच्यासाठी एवढा खर्च कशाला’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी पुरेशा वेळा उच्चारून झाले, की कोणत्या कंपनीच्या विमानाने जायचे हा विषय त्या घराला पुढचे सहा आठवडे पुरतो. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या प्रकारच्या प्रवाशाला समोर ठेवून केले असून, उदाहरणादाखल मुंबई ते न्यूयॉर्क हा सुमारे साडेबारा हजार किलोमीटरचा मार्ग घेतला आहे.

या वर्गाचा उगम एका तक्रारीत आहे. १९७० च्या दशकात स्वस्त तिकिटांवर सहलीला निघालेल्या पर्यटकांची विमानांत गर्दी होऊ लागली, तेव्हा तशाच खुर्चीवर, परंतु ऐनवेळी काढलेल्या पूर्ण दराच्या तिकिटावर बसणाऱ्या कामकाजी प्रवाशाला आपल्यावर अन्याय होत असल्याचा साक्षात्कार झाला, आणि १९७८-७९ च्या सुमारास पॅन ॲम, ब्रिटिश एअरवेज, क्वांटास अशा कंपन्यांनी त्याच्यासाठी पुढचा भाग वेगळा काढून त्याची समजूत घातली. लग्नाच्या पंगतीत ज्या पंक्तिभेदाला सगळे नावे ठेवतात, तोच येथे तिकीट लावून विकायला निघाला, असे म्हणता येईल. विमान पुरेसे वर गेल्यावर, जेवण वाढण्याच्या आधी, दोन वर्गांमधला पडदा हवाई सेविका ज्या निगुतीने ओढून घेते, ते पाहून गाभाऱ्यातील नैवेद्याच्या वेळच्या पडद्याची आठवण कोणाही भाविकाला व्हावी.

आरंभी या पडद्याआड मिळे ती थोडी रुंद खुर्ची आणि थोडे अधिक मद्य. पुढे खुर्ची वर्षागणिक मागे रेलत गेली आणि ‘तिरकी सपाट’ नावाच्या एका मध्यावस्थेला पोहोचली, जीत पाठ आणि पाय एका रेषेत येत असत खरे, परंतु ती रेषा जमिनीकडे उतरती असल्यामुळे रात्री उशाशी डोके ठेवून झोपलेला प्रवासी पहाटे पायथ्याशी गोळा झालेला सापडे. जमिनीला पूर्ण समांतर होणारी, म्हणजेच खऱ्या अर्थाने सपाट शय्या ब्रिटिश एअरवेजने या वर्गात २००० साली आणली, आणि विमानव्यवसायाच्या इतिहासात ती क्रांती मानली जाते. भारतीय रेल्वेच्या शयनयान डब्यातून आडवे होऊन नागपूर गाठणाऱ्या माणसाला या क्रांतीचे नेमके वेगळेपण समजावून सांगणे कठीण जाते, हे येथे नमूद केले पाहिजे. उलटपक्षी, ब्रिटिश एअरवेजच्या त्या मांडणीत शेजारच्या दोन आसनांपैकी एक पुढे तोंड करून आणि दुसरे मागे तोंड करून बसवलेले असे, त्यामुळे मधला पडदा वर करण्याची परवानगी मिळेपर्यंत एका पूर्ण अनोळखी व्यक्तीकडे समोरासमोर पाहत बसावे लागे. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाचा अनुभव असलेल्यांना तो अवघड गेला नसावा.

शय्या सपाट झाल्यावर तिच्यापर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न उरला. आसनांची मांडणी आकड्यांनी सांगण्याची रीत आहे: २-३-२ म्हणजे खिडकीशी दोन, मध्ये तीन आणि पलीकडे पुन्हा दोन आसने, आणि १-२-१ म्हणजे प्रत्येकाला थेट चालण्याची वाट. एमिरेट्सच्या जुन्या मांडणीच्या बोइंग ७७७ विमानांत पहिला प्रकार असतो, याचा अर्थ काही लाख रुपये मोजूनही दोघांच्या मधोमध बसण्याचा योग येऊ शकतो, आणि तो योग पत्रिकेत दिसत नाही. एअर इंडियाच्या जुन्या मांडणीच्या बोइंग ७८७ मध्ये २-२-२ अशी आसने आहेत, जिथे खिडकीशी बसलेल्याला रात्री उठायचे झाल्यास शेजारी पसरलेल्या देहावरून पाय टाकून जावे लागते. हा प्रश्न युरोपीय प्रवाशाला केवळ गैरसोयीचा वाटतो. मराठी प्रवाशापुढे मात्र तो धर्मसंकट होऊन उभा राहतो, कारण झोपलेल्या माणसाला ओलांडू नये हा संस्कार लहानपणापासूनचा असतो, ओलांडलेल्याची उंची खुंटते अशी भीती असते, आणि ओलांडताना पाय लागलाच तर वाकून नमस्कार करावा लागतो. पहाटे तीन वाजता, मंद निळ्या प्रकाशात, कॅस्पियन समुद्रावर कोठेतरी, एक सत्तरीचे गृहस्थ एका निद्रिस्त परक्याच्या पोटरीला हात लावून तो कपाळाशी नेत आहेत, आणि तो परका नेमका त्याच क्षणी डोळे उघडतो आहे, हे दृश्य आसनरचनाकारांनी कल्पिलेले नसणार.

यावर तोडगा म्हणून आसने तिरकी लावण्याची जी पद्धत निघाली, तिला हेरिंग नावाच्या माशाच्या काट्यावरून ‘हेरिंगबोन’ म्हणतात. ज्यांनी हेरिंग पाहिलेला नाही त्यांनी ताटातली तारली सोलून पाहावी, मधला कणा म्हणजे चालण्याची वाट आणि दोहों बाजूंचे तिरपे काटे म्हणजे प्रवासी. २०१७ मध्ये कतार एअरवेजने ‘क्यूसुट’ या नावाने प्रत्येक आसनाला सरकता दरवाजा बसवला आणि मधली दोन आसने जोडून दुहेरी पलंग करण्याची सोय केली, तेव्हापासून दरवाजा ही प्रतिष्ठेची खूण झाली असून एअर इंडियाच्या एअरबस ए-३५० मध्येही तो आहे. चाळिशी उलटलेल्या संसारात मात्र दुहेरी पलंगापेक्षा दरवाजाला मागणी अधिक असते. पुष्कळ जोडपी खिडकीशी एकामागे एक अशी एकेरी आसने घेतात आणि सोळा तास परस्परांचे फक्त खोकणे ऐकतात. ‘अहो, गोळी घेतलीत का?’ एवढाच संवाद दरवाजावरून होतो आणि तो साऱ्या डब्याला कळतो.

मार्गाची निवड हा या शास्त्राचा सर्वांत गहन भाग होय. मुंबई–न्यूयॉर्क हे थेट उड्डाण एअर इंडियाने २००७ च्या ऑगस्टमध्ये सुरू केले. थेट उड्डाणाला पंधरा-सोळा तास लागतात आणि त्यात एक अखंड झोप, एक जेवण, एक नाश्ता आणि पश्चात्तापासाठी थोडा वेळ बसतो. या कंपनीकडे ओढा असण्याचे कारण निव्वळ आसनांत शोधता येणार नाही. ८ जून १९४८ रोजी तिचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले, १९४६ पासून तिचा महाराजा झुकून स्वागत करीत आला, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती टाटांकडे परतली तेव्हा अनेक मराठी घरांत, विमानात कधीही न बसलेल्या माणसांनीसुद्धा, जणू गहाण पडलेला वाडा सुटल्याचे समाधान व्यक्त केले. नरिमन पॉइंटची तिची इमारत राज्य शासनाने १,६०१ कोटी रुपयांत घ्यायचे ठरवले, ही त्या वाड्याची उपकथा.

आखाती मार्ग याहून वेगळा. मुंबई ते दुबई, दोहा किंवा अबुधाबी हे अंतर तीन तासांच्या आसपास आहे, म्हणजे पहाटे चारच्या सुमारास निघालेल्या प्रवाशाला गरम टॉवेल दिला जातो (त्याने हात पुसावेत अशी अपेक्षा असते, तोंड, मान आणि शेवटी चष्मा हा क्रम मराठी आहे), मग पेय, मग जेवण, मग कॉफी, आणि शय्या नुकतीच सपाट होऊन डोळा लागतो न लागतो तोच खुर्ची सरळ करण्याची घोषणा होते. पुढचा चौदा तासांचा टप्पा झोपेला योग्य असतो, परंतु तोवर सकाळ झालेली असते. अबुधाबीच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे: २०१४ पासून अमेरिकेची प्रवेशतपासणी तेथेच उरकते, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर प्रवासी देशांतर्गत आल्यासारखा थेट बाहेर पडतो, आणि लाडवांविषयीचे प्रश्न झोपेतून उठून नव्हे तर जाग्या डोक्याने ऐकतो. युरोपमार्गे गेल्यास प्रवासाचे साधारण नऊ आणि आठ तासांचे दोन तुकडे पडतात, आणि दोन अर्ध्या झोपांची बेरीज एक पूर्ण झोप होत नाही, हे गणित कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात आढळत नाही. सिंगापूर एअरलाइन्सचे सिंगापूर–न्यूयॉर्क हे पंधरा हजार किलोमीटरांहून लांब उड्डाण अठरा तासांच्या पुढे जाते. त्याच्या कीर्तीला भुलून पश्चिमेला जाण्यासाठी आधी साडेपाच तास पूर्वेला जाणे हा द्राविडी प्राणायाम होय, आणि त्याचा पुरस्कार करणारा एक तरी भाचा प्रत्येक कुटुंबात असतो.

खर्चाविषयी थोडक्यात. या वर्गाचे तिकीट साध्या वर्गाच्या कित्येक पट महाग असल्याने पूर्ण दर भरणाऱ्याकडे नातेवाईक संशयाने पाहतात, आणि प्रतिष्ठित मार्ग दोनच उरतात. पहिला ‘माइल्स’चा: १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने रुळवलेल्या या पद्धतीत वारंवार उडणाऱ्याच्या खाती गुण जमतात, आणि जावयाने शिकागोच्या थंडीत विमानतळावर काढलेल्या रात्री सासऱ्याच्या शय्येत रूपांतरित होतात. दुसरा मार्ग बोलीचा, म्हणजे साध्या वर्गाचे तिकीट काढून वरच्या रिकाम्या जागेसाठी गुप्त रक्कम कळवण्याचा. इतरांनी किती बोली लावली हे कोणालाच समजत नाही. हे तंत्र नवे असल्याचे मानले जाते, परंतु गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे धरून होणारा सौदा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्यात फक्त उपरणे नाहीसे झालेले दिसेल.

हे सर्व लक्षात घेता निर्णय असा देता येतो, की कंपनीचे नाव तिसऱ्या क्रमांकाने विचारावे. एकाच कंपनीच्या एका विमानात दरवाजाची खोली आणि दुसऱ्यात ओलांडायचा शेजारी मिळतो, म्हणून आधी विमानाचा प्रकार आणि आसनांचा नकाशा पाहावा, नंतर सर्वांत लांब टप्पा रात्रीचा आहे की नाही ते पाहावे, मग नाव. रात्री अंगात घालायला काही कंपन्या ‘पायजमा’ भेट देतात त्यावर भाळू नये. हा शब्द हिंदुस्थानातून इंग्रजीत गेला आणि वस्तू लेंगा म्हणून घरोघरी दोरीवर वाळतच आहे.

राहता राहिले अन्न, आणि येथे शास्त्र हतबल होते. उडत्या विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरचा असतो, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेल्या, सुमारे ५,४०० फुटांच्या कळसूबाईच्याही वर बसून प्रवासी जेवत असतो, आणि हवा इतकी कोरडी असते की नाक निकामी होऊन चव मंदावते. लुफ्थान्साने जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेकडून याचा अभ्यास करून घेतला, त्यासाठी कमी दाबाच्या नळकांड्यात विमानाचा एक तुकडा ठेवून माणसांना जेवू घातले, आणि निष्कर्ष निघाला की मीठ-साखर कमी जाणवते व टोमॅटोचा रस मात्र वर गेल्यावर अधिक रुचतो. लसणाची चटणी बरोबर घेतल्याशिवाय ठाण्याच्या पुढे न जाणाऱ्या समाजाला हा निष्कर्ष प्रयोगाविना ठाऊक होता. सिंगापूर एअरलाइन्स आधीच पदार्थ निवडू देते, टर्किश एअरलाइन्सच्या विमानात उंच पांढरी टोपी घातलेला आचारी हिंडतो. त्याला ‘थोडं तिखट आहे का हो?’ असे विचारल्यास तो आदराने मिरपूड आणतो.

खास जेवणासाठी विमान कंपन्यांनी चार अक्षरी संकेत ठरवले असून ते उड्डाणाच्या साधारण चोवीस तास आधी कळवावे लागतात: भारतीय धर्तीच्या शाकाहाराला एव्हीएमएल, जैन जेवणाला व्हीजेएमएल, आणि एचएनएमएल म्हणजे ‘हिंदू जेवण’, जे शाकाहारी असेल अशा समजुतीने मागवणाऱ्या अनेक मावश्यांसमोर कोंबडी आलेली आहे. या यादीत उपवासाला संकेत नाही. फलाहारासाठी एफपीएमएल आहे, परंतु अननस आणि खरबुजाच्या फोडींवर सोळा तास काढणे हा उपवास नसून शिक्षा आहे. शिवाय आषाढी एकादशीला न्यूयॉर्ककडे निघालेल्या प्रवाशाचा दिवस साडेनऊ तासांनी लांबतो, तेव्हा पारणे मुंबईच्या द्वादशीला करायचे की न्यूयॉर्कच्या, याचा निर्णय सपाट शय्येवर पडून एकट्यालाच घ्यावा लागतो. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि वरीचे तांदूळ यांना एक चार अक्षरी संकेत देण्याची विनंती विमान कंपन्यांना येथे करण्यात येत आहे. ती मान्य होईपर्यंत प्रवाशांनी डिंकाचे लाडू मोठ्या बॅगेत टाकावेत आणि राजगिऱ्याचे हातातल्या पिशवीत ठेवावेत.