सत्तरच्या पुढची थरथर

आमची जीप थरथरते, हे कळायला मंठ्याला चांगला रस्ता व्हावा लागला. त्याआधी लोणारकडे जा नाही तर परतूरकडे, काटा चाळिसाच्या पुढे सरकला की मागे बसलेली माणसं देवाचं नाव घ्यायची. त्या रस्त्यावर सगळंच हलायचं. हलण्यात खड्ड्यांचा हिस्सा किती आणि जीपचा किती, याची वाटणी करायला तलाठीसुद्धा तयार झाला नसता. मग शेगाव-पंढरपूर महामार्ग, म्हणजे 548 सी, गावावरून गेला. सिमेंटचा, सपाट, लांबच लांब. पहिल्यांदाच काटा सत्तरवर गेला आणि स्टेअरिंगने माझे दोन्ही हात धरून हलवायला सुरुवात केली.

जालना जिल्हा झाला 1 मे 1981 ला. जीप जिल्ह्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी धाकटी. माझ्याकडे येण्याआधी ती काळी-पिवळी होती आणि मंठा-परतूर मार्गावर तिने एका वेळी किती माणसं वाहिली, हे तिच्या पाट्यांनाच माहीत. मीटरने तीन लाखांच्या पुढे कधीतरी मोजणं सोडून दिलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. तेवढं इमाने इतबारे करतो. आरटीओच्या आवारात ती कधीच थरथरली नाही. तिथं सत्तरचा वेग आणणार कुठून?

गावात दुखणं सांगायची खोटी, औषधं घरपोच येतात. शेजारच्या सोयाबीन व्यापाऱ्याचं निदान होतं की गाडी हलकी पडते. “सर, दहा पोती टाका मागं, बघा कशी गप बसते.” एसटीतून निवृत्त झालेले काका म्हणाले, इंजिनाचे फाउंडेशन गेले असतील, म्हणजे इंजिनाखालचे रबर. एका पुतण्याने समृद्धी महामार्गावर न्यायला सांगितलं. तिथं 120 ची मुभा आहे, शंभरच्या पुढे थरथर आपोआप जाते म्हणे. (यात तथ्य आहे, पण ते पडताळायला आधी आमची जीप शंभरपर्यंत पोचायला हवी.) सौभाग्यवतींचं निदान सर्वांत स्वस्त होतं: “विकून टाका.” घ्यायला कुणी तयार होईना, एवढीच त्यात अडचण.

शेवटी गॅरेजवाल्या चाचांकडे गेलो. चाचांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. पानाची पिचकारी टाकून विचारलं, “सर, कुठं कापायलं? स्टेअरिंग कापायलं का बूड?”

इतकी वर्षं शाळेत प्रश्न विचारतोय, पण असा नेमका प्रश्न मला कधी सुचला नाही. स्टेअरिंग कापत असेल तर दुखणं पुढच्या चाकांत. बूड, म्हणजे सीट, कापत असेल तर मागच्या चाकांत किंवा त्यांना फिरवणाऱ्या शाफ्टमध्ये. ब्रेक दाबल्यावरच कापत असेल तर ब्रेकचे ड्रम नाही तर डिस्क. मी म्हणालो, “दोन्ही.” चाचांचा चेहरा खुलला. दोन दुखण्यांचे पैसे होते.

तळणीच्या बाजूला मोकळा रस्ता बघून आम्ही गेलो. सत्तरला चाचांनी गाडी न्यूट्रल केली आणि इंजिन मंदावू दिलं. थरथर जशीच्या तशी. म्हणजे इंजिन निर्दोष, काकांचे फाउंडेशन बाद. गाडी वेगाला कापते की इंजिनाच्या फेऱ्यांना, हे या एका चाचणीत कळतं, आणि हजारोंचे सुटे भाग विनाकारण बदलायचे वाचतात.

मग चाचा पुढच्या चाकाखाली आडवे झाले आणि स्क्रू-ड्रायव्हरने रिमच्या आतून ढेकळं काढू लागले. काळी माती! पावसाळ्यात शेतात गेलो होतो, तेव्हा ती एका बाजूला जाऊन बसली आणि उन्हात अशी वाळली की कापूस लावायचाच बाकी होता. बाहेरून मी रिम चकचकीत धूत होतो. आतली बाजू कोण बघतो? हिशेब केला तर डोळे फिरतात. 80 च्या वेगाला एवढं चाक सेकंदाला साधारण दहा गिरक्या घेतं. रिमला एका बाजूला 100 ग्रॅम माती असेल, तर प्रत्येक गिरकीत ती चाकाला सात-आठ किलोंच्या जोराने ओढते. वेग निम्मा केला की जोर चौथाई होतो, म्हणून चाळिसाला काही जाणवत नाही. शिवाय टायर आणि स्प्रिंग यांची हिंदकळण्याची स्वतःची एक लय असते. ती चाकाच्या गिरक्यांशी जुळली की थरथर एकदम उसळते. पुतण्याचं समृद्धीचं शास्त्र इथून आलेलं.

माती काढली, बॅलन्सिंग करून रिमला वजनं ठोकली. स्टेअरिंग शांत झालं. बूड मात्र कापतच राहिलं, आणि ते कापणं निराळं होतं: बारीक, गुणगुणतं. चाचांनी तेवढ्यावरूनच शाफ्ट ओळखला. चाकाच्या एका फेरीत शाफ्ट चार-साडेचार वेळा फिरतो, म्हणून त्याची थरथर चाकापेक्षा बारीक लागते.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे तिरक्यातही फिरू देणारे सांधे. तिरक्यात फिरताना पुढचा क्रॉस एका फेरीत दोनदा घाई करतो, दोनदा रेंगाळतो. मागचा नेमकं उलट करून हिशेब मिटवतो. पण त्यासाठी क्रॉस धरणारे दोन्हीकडचे कान एका रेषेत हवेत. मागच्या उन्हाळ्यात भलत्याच एका गॅरेजात क्रॉस बदलले होते. तिथं शाफ्ट मधोमध सोडवला आणि जोडताना दात चुकवून बसवला. तेव्हापासून पुढचा क्रॉस घाई करी आणि मागचा त्याला साथ देई. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येही असे दोघे आहेत, पण त्यांचा शाफ्ट सोडवता येत नाही.

चाचांनी शाफ्ट उतरवला, दात मोजून जुळवला, पुन्हा चढवला. तासाभराचं काम. नवीन भाग एकही लागला नाही, याचं दुःख त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आता पंचाहत्तरला जीप सरळ, शांत जाते. दरवाजे खडखडतात, पण ते कोणत्याही वेगाला खडखडतात, त्यामुळे त्याला निदान लागत नाही.

तुमच्याकडेही अशी जुनी गाडी असेल, तर शेतातून आल्यावर रिमची आतली बाजू धुवा आणि शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही भागांवर समोरासमोर खूण करून घ्या. मात्र माझ्यासारखा खडू घेऊन जाऊ नका. ग्रीसवर खडू उमटत नाही; छिन्नीनेच खूण करा.