अक्षांश तोच, वरण कच्चं

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून अक्षांश न सोडता सरळ पश्चिमेकडे चालत सुटलात, तर पहिला अडथळा येऊरच्या जंगलातल्या बिबट्यांचा आणि दुसरा कांदिवली स्टेशनबाहेरच्या गर्दीचा. तेवढं पार केलं की पुढे सोपं आहे. अरबी समुद्र, अरबस्तान, सुदान, चाड, नायजर, माली, मॉरिटानिया, मग अटलांटिक आणि मेक्सिको. ठाणं १९.२ अंश उत्तरेला, मेक्सिको शहर १९.४ला. तिथल्या एका विद्यापीठात भावी विज्ञान शिक्षकांना, आणि तेही स्पॅनिशमधून, शिकवायला मी पाहुणा म्हणून निघालो तेव्हा ही माहिती आईला मोठ्या उत्साहाने सांगितली. तिने शांतपणे बॅगेतला स्वेटर काढला आणि त्या जागी गोडा मसाला आणि तूरडाळ भरली. अक्षांश बरोबर होता, पण ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहे हे अक्षांशात दिसत नाही. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यावर चढून उभं राहिलं तरी हे शहर मान वर करूनच बघावं लागेल. फेब्रुवारीतल्या पहाटे मी गोडा मसाला पांघरून झोपलो असतो, पण घरमालकीणबाईंनी रजई दिली.

घड्याळाचा मात्र त्रास नाही. आपण साडेअकरा तास पुढे. त्यामुळे ठाण्याच्या घड्याळात काटा अर्धा तास पुढे सरकवायचा आणि दिवसाला रात्र म्हणायचं, की झाली मेक्सिकोची वेळ. हे गणित नातेवाइकांना कधीच जमलं नाही. दुपारी जेवण उरकून निवांत झालेल्या आत्या मला रात्री दीडला फोन करून विचारत, "जेवलास का?"

तिथल्या कार्यालयात माझं बारसं झालं. मेक्सिकोत माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. कारकुनाने माझ्या पासपोर्टवरची तीन नावं बघितली आणि मधलं, म्हणजे आमच्या बाबांचं नाव, आडनाव म्हणून लिहून टाकलं. मूळ आडनाव आईच्या खात्यात जमा झालं. पुढचं सगळं सत्र मी 'प्रोफेसोर दत्तात्रय' होतो. दारावर पाटी तीच, ओळखपत्र तेच. पाटीचा फोटो बाबांना पाठवला. आयुष्यभर ठाणे स्टेशनवरून लोकल पकडलेल्या माणसाला सत्तरीत परदेशी विद्यापीठात खोली मिळाली. तो फोटो त्यांनी नाक्यावर इतक्यांना दाखवला, की मी तिथे नेमकं काय करतोय असा प्रश्न लोकांना पडू लागला.

मला वारंवार आठवण यायची ती पांडुरंग सदाशिव खानखोज्यांची. वर्ध्याचा हा माणूस गदर चळवळीतला क्रांतिकारक. देशोदेशी भटकून १९२४ साली मेक्सिकोत पोहोचला आणि चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाला. स्पॅनिशमधून शेतीशास्त्र शिकवलं, मक्याच्या नव्या जाती काढल्या, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा उघडल्या. दिएगो रिवेराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या भित्तिचित्रात त्यांना बसवलं आहे, आणि २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळाही उभा राहिला. मी तिथे मुद्दाम जाऊन आलो. मक्याच्या मायदेशात जाऊन मक्याचेच धडे द्यायचे, याला छाती लागते. ही हिंमत आपल्याकडे कोणी कोल्हापूरला जाऊन तांबडा रस्सा शिकवण्यात दाखवावी. त्या कार्यालयांनी सदाशिवरावांचं काय केलं असेल, हा विचार मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही.

स्पॅनिशमध्ये विज्ञान शिकवणं लोकांना वाटतं तितकं अवघड नाही. एनेर्हिया, आतोमो, ग्रावेदाद. इंग्रजीतून शिकलेल्या कुणालाही ऐकताक्षणी कळतात. अवघड असतं ते 'मागच्या बाकावरचे पुढे या', 'तो मोबाईल आत ठेव' आणि 'खडू संपलाय, कुणीतरी आणा'. याची तयारी कुठलंच पुस्तक करून घेत नाही. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम मी अस्खलित सांगत असे आणि मग फळा पुसायला काय म्हणतात हे न आठवल्यामुळे बाहीने फळा पुसत असे. विद्यार्थ्यांना तो विनय वाटला.

ते मला एका शाळेत घेऊन गेले. प्रयोग साधा होता: पाणी उकळा, तापमान लिहा. त्या उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं. तापमापकाने इमानेइतबारे ९३ दाखवलं. मी वह्या बघितल्या. सगळ्यांनी १०० लिहिलं होतं! एकाला विचारलं, "तापमापक काय म्हणतोय?" तो म्हणाला, "प्रोफे, तो बिघडलाय. शाळेचा आहे."

मला एकदम डोंबिवलीत असल्यासारखं वाटलं. आमच्याकडच्या वर्गातही तापमापक ९८ दाखवतो आणि पोरं १०० लिहितात. पण दोन अंशांची अफरातफर आणि सात अंशांची, यात काही फरक आहे की नाही? मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४पासून मुलांच्या डोक्यात विज्ञान कसं शिरतं याचा अभ्यास करतंय. माझ्या मते, शिरण्याचा प्रश्न नाहीच. पुस्तकातला आकडा एकदा शिरला की बाहेर निघत नाही, ही खरी अडचण. त्या संध्याकाळी तूरडाळ ९३ अंशांत दीड तास उकळली आणि जशीच्या तशी राहिली. मालकीणबाईंनी प्रेशर कुकर पुढे केला. मेक्सिकोच्या स्वयंपाकघरांना वायूंचा दाब कुणी शिकवावा लागत नाही.

मधे एकदा भूकंपाचा भोंगा वाजला. या शहरात रस्तोरस्ती खांबांवर भोंगे आहेत. लांब किनाऱ्याकडे जमीन हलली की धक्का पोहोचायच्या आधी ते ओरडतात. सगळा वर्ग शिस्तीत मैदानात गेला. टेंभी नाक्याच्या देवीच्या नवरात्रात वाढलेल्या माणसाला खांबावरच्या भोंग्याने दचकायला होत नाही, म्हणून मी वाक्य पूर्ण करत होतो. दोन मुलींनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. सराव होता. मैदानात त्यांनी विचारलं, "१९८५, २०१७ आणि २०२२, तिन्ही वेळा मोठा भूकंप १९ सप्टेंबरलाच. शक्यता किती, प्रोफे?" योगायोगच आहे, असं मी स्पॅनिशमधून वीस मिनिटं समजावलं. तरी १९ सप्टेंबरला तुम्ही कुठे असाल, हे त्यांनी विचारलंच.

मे महिन्यात माझा खरा डाव होता. 'सूर्य रोज दुपारी बारा वाजता बरोबर डोक्यावर येतो' हे ठाण्यातही पाठ असतं आणि मेक्सिकोतही. प्रत्यक्षात दोन्हीकडे तो वर्षातून दोनच दिवस डोक्यावर येतो, आणि मेमधल्या त्या दिवशीही घड्याळात साडेबारा उलटून तीन-चार मिनिटं झालेली असतात. मेक्सिकोतल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. शोचिकाल्कोच्या गुहेच्या छताला त्यांनी उभं भोक पाडून ठेवलंय, त्या दिवशी ऊन सरळ खाली उतरतं. आमच्याकडे बाबा होते. १६ मेला त्यांनी टेंभी नाक्यावर फुटपाथला पाण्याची बाटली उभी केली. भोवती माणसं जमली. "मेट्रोची मोजणी का?" एकाने विचारलं. १२ वाजून ३४ मिनिटांनी सावली बाटलीच्या बुडाखाली गेली. बाबांनी फोटो काढला आणि माझ्याकडे मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराला फोन वाजला.

सकाळी वर्गात तो फोटो दाखवला. भावी विज्ञान शिक्षकांचं एकमत झालं: फोटोत फेरफार केलाय.

दुसऱ्या दिवशी आम्हीच मैदानात बाटल्या मांडल्या. सावली गेली. आरडाओरडा झाला, नाचून झालं. मग वह्या गोळा केल्या. 'वेळ' या रकान्यात एकीने १२.३३ लिहिलं होतं. बाकी सगळ्यांनी १२.

मेच्या मध्यावर आपणही नाक्यावर बाटली घेऊन उभे राहा, रिक्षा सांभाळून. जुलैच्या अखेरीस दुसरी संधी असते, पण तिच्यावर विसंबू नका. तेव्हा ठाण्यात पावसाळा असतो. मेक्सिकोतही.